डोंबिवलीत भाड्याचे घर: रामनगर, नांदिवली की बदलापूर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीहून आलेले एक तरुण दांपत्य आहे. नवऱ्याची नोकरी अंधेरीला साकीनाक्याजवळ, बायकोची ऐरोलीला, आणि घरभाड्यासाठी दोघांनी मिळून १७ हजारांची मर्यादा ठरवली आहे. त्यांनी तीन घरे पाहिली आहेत. पहिले डोंबिवली पूर्वेला रामनगरात, स्टेशनपासून चालत सहा-सात मिनिटांवर, जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भाडे १६,५००. दुसरे नांदिवलीच्या पुढे भोपरच्या बाजूला, नवी इमारत, लिफ्ट, मोठी बाल्कनी, भाडे १३,०००. तिसरे बदलापूरला, भाडे १०,०००. शिवाय नांदिवलीच्याच इमारतीत दुसऱ्या एका घरमालकाचा प्रस्ताव आहे की आठ लाख रुपये 'हेवी डिपॉझिट' द्या आणि अकरा महिने एक पैसा भाडे देऊ नका. यातले कोणते घ्यावे, करारात काय पाहावे आणि दलाल जे सांगतो त्यातले खरे किती, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे डोंबिवली पूर्वेला भाड्याची घरे दाखवण्याचे आणि लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या परवानगीचे, करार नोंदवून देण्याचे काम करतो. म्हणजे ज्या दलालाविषयी तुम्हाला शंका आहे त्याच्याच पंगतीतला मी आहे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला त्यातून काय वजा करायचे ते करता येईल.

जाहिरातीत लिहिलेल्या 'स्टेशनपासून दहा मिनिटे' या शब्दांना काहीही अर्थ नाही, इथून सुरुवात करू. ही दहा मिनिटे रविवारी दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, मालकाच्या मोटारसायकलवरून मोजलेली असतात. तुम्हाला मोजायची आहेत ती घराच्या दाराला कुलूप लावल्यापासून लोकलच्या डब्यात पाय ठेवेपर्यंतची मिनिटे, आणि तीही कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास. यात जिना उतरणे येते, शेअर रिक्षाची वाट पाहणे येते, मानपाडा रस्त्यावरची कोंडी येते, स्टेशनचा पूल चढणे येते आणि पहिली गाडी सोडून दुसरी पकडावी लागली तर तोही वेळ येतो. रामनगरच्या घरासाठी हा हिशेब वीस मिनिटांच्या आत बसतो. भोपरच्या बाजूने तो चाळीस मिनिटांवर जातो आणि पावसात त्याचा काही नेम राहत नाही. संध्याकाळी परत येताना तर पूर्वेच्या स्टॅंडवरची शेअर रिक्षाची रांगच पंधरा मिनिटे खाते, कारण सातच्या सुमारास एकामागून एक फास्ट लोकल रिकाम्या होतात आणि सगळ्यांना एकाच वेळी घरी पोचायचे असते.

आता याचे पैशात रूपांतर करू, कारण साडेतीन हजारांचा फरक पाहून मन नांदिवलीकडे झुकणे स्वाभाविक आहे. शेअर रिक्षाचे माणशी १५ रुपये धरले तरी दोघांचे येण्याजाण्याचे दिवसाला ६० होतात आणि महिन्याला कामाचे २५ दिवस धरले तर १,५०० रुपये. म्हणजे फरक आताच दोन हजारांवर आला. रात्री उशीर झाला, मीटर नाकारणारा रिक्षावाला भेटला, पाऊस लागला, की त्यातलेही पाच-सहाशे जातात. एवढे वाचवण्यासाठी दोघांपैकी प्रत्येकजण रोज चाळीस मिनिटे, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा तास जास्त खर्च करणार आहे. काही लोकांना हा सौदा परवडतो. घरात लहान मूल असेल, सासूबाई दिवसभर घरी असतील, एकच माणूस कामाला जात असेल, तर मोठी बाल्कनी आणि लिफ्ट यांची किंमत वेगळी होते. तुमच्या दोघांच्याही नोकऱ्या लोकलवर टांगलेल्या आहेत, म्हणून तुमच्यासाठी मी हा हिशेब असा मांडतो.

नांदिवली, भोपर, सागाव, सोनारपाडा, दावडी ही सगळी त्या २७ गावांपैकी आहेत जी २०१५ मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. या भागात इमारती आधी आल्या आणि जलवाहिन्या मागून आल्या, काही ठिकाणी अजून पुरेशा आलेल्याच नाहीत. पाणी मुख्यतः एमआयडीसीकडून येते, दाब कमी पडला की टँकर मागवतात आणि टँकरचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये शिरतो. तिथले घर पाहायला गेलात की बाल्कनीतून दिसणारी टेकडी पाहण्याआधी मोरीतला नळ उघडा. पाणी आले तर ते वरच्या टाकीतले आहे हे लक्षात घ्या आणि वॉचमनला विचारा की खालच्या टाकीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि मागच्या मे महिन्यात आठवड्याला किती टँकर आले. वॉचमन खरे सांगतो, कारण त्या टँकरचा पाइप धरून तोच उभा राहिलेला असतो. जिन्यात भरलेल्या बादल्या किंवा गॅलरीत निळे पिंप दिसले तर विचारण्याचीही गरज उरत नाही. 'आता मेट्रो येणार आहे' हेही तुम्हाला ऐकवले जाईल. कल्याण-तळोजा मेट्रोचे काम हाती घेतलेले आहे हे खरे, पण अकरा महिन्यांच्या भाडेकरूने न धावणाऱ्या मेट्रोचे भाडे भरू नये.

बदलापूरचे घर दहा हजारांत मिळते आहे आणि ते घर वाईट असेल असे मी म्हणणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटरवर आहे, बदलापूर सुमारे ६८. जास्तीचे हे वीस किलोमीटर म्हणजे एका बाजूला साधारण अर्धा तास, पण खरी अडचण अर्ध्या तासाची नाही, गाड्यांच्या संख्येची आहे. कल्याणला मार्ग फुटतो. काही गाड्या कसाऱ्याकडे, काही कर्जतकडे आणि बऱ्याच कल्याणलाच संपतात. त्यामुळे एक गाडी चुकली तर बदलापूरच्या माणसाचे नुकसान डोंबिवलीच्या माणसापेक्षा बरेच मोठे असते. बदलापूरची एक जमेची बाजू मात्र मान्य करावी लागते, ती म्हणजे बसायला मिळणारी जागा. तिथूनच सुटणारी गाडी पकडली तर सकाळी खिडकी मिळू शकते. तीच गाडी डोंबिवलीला येते तेव्हा दारातसुद्धा जागा नसते. सव्वा तास बसून जावे की पाऊण तास उभ्याने, हा प्रश्न पाठीचा आणि वयाचा आहे, तो मी तुमच्या वतीने सोडवू शकत नाही. पाऊस मात्र विसरू नका. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. बदलापूरला नदीकडच्या सखल बाजूचे घर असेल तर तळमजला आणि पहिला मजला मी तरी कुणाला दाखवत नाही.

लोकलविषयी एक-दोन गोष्टी नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. तुम्ही अंधेरीला जाणार म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो-१ पकडणार. घाटकोपरला फास्ट लोकल थांबते, त्यामुळे डोंबिवली ते घाटकोपर पाऊण तासाच्या आसपास होते. मेट्रोच्या जिन्याकडे उतरणारा डबा कोणता हे आठवडाभरात कळेल आणि तोच डबा तुमचा होईल. तुमच्या पत्नी ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी धरतील, ऐरोली तिथून दिघा गावानंतरचे स्टेशन. त्यांनी फास्टचा हट्ट धरू नये. डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल ठाण्यापर्यंत फार वेळ लावत नाही, तीत शिरता येते आणि बहुधा बसताही येते. डोंबिवलीत पुष्कळजण सकाळी उलटे कल्याणला जाऊन त्याच गाडीने बसून परत येतात, याला इथे 'रिटर्न' म्हणतात. ते करायचे असेल तर पास कल्याणपासूनचा काढावा, नाहीतर टीसीने धरल्यावर वाद घालायला तोंड राहत नाही. पास तिमाही काढला तर मासिक पासाच्या २.७ पट पडतो, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. पण घर अकरा महिन्यांचे आणि नोकरी नवी असताना वार्षिक पास काढण्याची घाई करू नका. आणि दारात लटकून जाण्याची वेळ येईल तेव्हा ती गाडी सोडा. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. त्यानंतर मी घर दाखवताना 'आपण कुठेही लटकून जाऊ' म्हणणाऱ्या तरुणांना स्टेशनजवळचेच घर घ्यायला लावतो, भले ते एका खोलीचे असो.

आता रामनगरच्या घराकडे वळू, कारण माझा कल तिकडे आहे, आणि कल आहे म्हणूनच त्याची तपासणी जास्त कडक करायला हवी. रामनगर, टिळकनगर, पांडुरंगवाडी, गोग्रासवाडी या भागांतल्या तीन-चार मजली इमारती बऱ्याच जुन्या आहेत. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा सोसायटीच्या सचिवांना सरळ विचारा की परीक्षण झाले का आणि अभियंत्याने काय लिहिले. महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, त्यात नाव नाही ना हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. चौथा मजला हा सगळ्यात वरचा असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का पाहा. नसेल तर आढ्याच्या कोपऱ्यात आणि पंख्याच्या हुकाभोवती नजर टाका. घर नुकतेच रंगवले असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तळहात टेकवा. आत ओल असेल तर नव्या रंगाखालीही ती हाताला गार लागते, आणि नखाने हलके दाबले तर पोपडा सुटतो. मालक रागावला तर रागावू द्या.

जुन्या इमारतीत दुसरा मोठा प्रश्न पुनर्विकासाचा असतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासक नेमण्याचा ठराव झालेला असेल तर इमारत कधीही रिकामी करायला सांगितली जाऊ शकते, आणि त्या काळात विकासक जे भाडे देतो ते सभासदाला, म्हणजे तुमच्या मालकाला मिळते, तुम्हाला नाही. त्यामुळे 'पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत' हा प्रश्न मालकाला विचारू नका, जिन्यात भेटलेल्या आजोबांना विचारा. दोन वर्षे तरी काही होत नाही असे त्यांच्या बोलण्यातून दिसले तर पुढे जा. लिफ्ट नसलेला चौथा मजला आज तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण गॅस सिलिंडर वर नेणारा माणूस प्रत्येक वेळी वरचे पैसे मागेल. इमारतीत पाइपचा गॅस आला आहे का ते पाहा. पहिल्या मजल्यावर राहणारे लोक पंपाच्या वेळेवर वाद घालत असतील तर चौथ्या मजल्यावर पाणी शेवटी पोचते, हेही त्याच आजोबांकडून कळेल.

एमआयडीसीच्या निवासी विभागात कुणी घर दाखवले तर तिथले रस्ते रुंद आहेत, झाडे आहेत, भाडे बरे आहे, हे सगळे खरे आहे. पण २०१६ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षी मे महिन्यात तिथल्या रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले आणि आसपासच्या कित्येक घरांच्या काचा फुटल्या, हेही खरे आहे. दम्याचा त्रास असणाऱ्याने तिथे रात्री अकरानंतर एक फेरी मारून हवेचा वास घ्यावा आणि मग ठरवावे.

नव्या इमारतींबाबत जो इशारा द्यायचा तो भाडेकरू सहसा कानांआड करतात, कारण त्यांना वाटते की बेकायदा बांधकाम ही विकत घेणाऱ्याची डोकेदुखी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झालेली होती. म्हणजे महारेराचा क्रमांक होता, वीजमीटर होते, लोक राहत होते, आणि तरी इमारत अनधिकृत होती. मालमत्ता कराची पावती दाखवून 'बघा, सगळे अधिकृत आहे' असे सांगणारे मालक मला महिन्यातून दोनदा भेटतात. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते आणि त्या पावतीने बांधकाम अधिकृत होत नाही. भोपरच्या बाजूची इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेने दिलेल्या परवानगीची, प्रत मागा. ती नसेल आणि घर फारच आवडले असेल, तर डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका, कारण इमारतीवर नोटीस लागल्यावर मालकाच्या स्वतःच्याच पैशांची बोंब असते आणि तुमची अनामत त्याच्या यादीत सगळ्यात शेवटी येते.

याच कारणासाठी हेवी डिपॉझिटचा प्रस्ताव मी तुम्हाला साफ नाकारायला सांगेन. कागदावर तो मोहात पाडणारा असतो. आठ लाखांवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाचे ५६ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ४,७०० रुपये बुडतात आणि त्यात तेरा हजारांचे घर मिळते. पण कुणी माणूस तेरा हजारांचे उत्पन्न सोडून आठ लाख एकरकमी का मागतो, हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा त्याला बँकेपेक्षा स्वस्त कर्ज हवे असते, किंवा बँक त्याला कर्ज देत नसते. माझ्या हातून एकदा ही चूक झाली आहे. एका कुटुंबाला मी असेच एक घर मिळवून दिले, करार नोंदवला, सगळे रीतसर केले, आणि आठव्या महिन्यात बँकेचे लोक येऊन दारावर ताब्याची नोटीस चिकटवून गेले, कारण मालकाने गृहकर्जाचे हप्ते दीड वर्ष भरलेले नव्हते. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला घराच्या वापराची फक्त परवानगी मिळते, घरावर हक्क मिळत नाही. बँकेचा बोजा आधीचा असतो. त्या कुटुंबाला त्यांच्या पैशांपैकी निम्मे परत मिळायला तीन वर्षे लागली, आणि तेही मालकाच्या मेहुण्याला लाज वाटली म्हणून. तेव्हापासून मी असे व्यवहार करत नाही. तुम्हाला करायचाच असेल तर मालकाकडून बँकेचे कर्ज नसल्याचा किंवा हप्ते नियमित असल्याचा ताजा कागद आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घेतल्याशिवाय धनादेश फाडू नका.

कराराविषयी सगळ्यात पसरलेला गैरसमज असा की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, पाचशेच्या स्टॅंपवर नोटरी केला की झाले. अकरा महिन्यांची प्रथा नोंदणी कायद्यातून आली, ज्यात एक वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढे वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे कायदा इथे तुमच्या बाजूने झुकलेला आहे. पण त्याचवेळी कलम २४ हेही सांगते की मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते, तेव्हा मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क हे मुदतीतले एकूण भाडे अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. रामनगरच्या घरासाठी अकरा महिन्यांचे १,८१,५०० आणि ६० हजारांच्या अनामतीवर ५,५०० धरले तर शुल्क पावणेपाचशेच्या आत येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे काही तुमच्याकडून घेतले जाते ते घरी येऊन करार करून देणाऱ्याची मजुरी असते, ती आधी विचारून घ्या. खर्च मालक आणि भाडेकरू यांनी अर्धा-अर्धा करण्याची इथली रीत आहे. आता नोंदणी घरबसल्या होते, दोन्ही पक्ष आणि दोन ओळखदार आधार क्रमांक देऊन यंत्रावर अंगठा लावतात. यात खोळंबा नेहमी एकाच ठिकाणी होतो. मालकीण सत्तरीच्या काकू असतात, आयुष्यभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. मग ओल्या फडक्याने बोट पुसायचे, उजव्या हाताचे नाही तर डाव्या हाताचे लावून पाहायचे, काकू तोवर चहा टाकतात. मालक वयस्कर असतील तर हे काम सामान हलवण्याच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

करारातल्या मजकुरापैकी तीन जागा मी नेहमी थांबून वाचायला लावतो. पहिली 'लॉक-इन'ची, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही तिची. सहा महिन्यांचे लॉक-इन दोघांनाही लागू असावे, नुसते तुम्हाला नव्हे, आणि त्यानंतर एक महिन्याची सूचना पुरेशी असावी. दुसरी अनामत परतीची. 'घर सोडल्यावर परत करण्यात येईल' असे मोघम वाक्य नको, 'घराचा ताबा देतेवेळी' असे शब्द हवेत, आणि रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती कापायचे हे आजच लिहा. शेवटचे दोन महिने भाडे न देता अनामतीतून वळते करा, असा सल्ला तुम्हाला शेजारी देतील. तसे केलेत तर भांडणात दोष तुमच्याकडे जातो. तिसरी जागा म्हणजे मेंटेनन्स कोण भरणार. डोंबिवलीत तो बहुधा मालक भरतो, पण लिहिलेले नसेल तर तिसऱ्या महिन्यात आठवण होते. सामानाची यादी जोडा, त्यात पंखे किती, गीझर चालू आहे का, स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटाची बिजागरी कशी आहे हेसुद्धा येऊ द्या, आणि ताबा घेताना मोबाइलवर सगळ्या घराचे चित्रीकरण करून मालकालाच पाठवून ठेवा. महावितरणच्या मीटरचा आकडा त्या चित्रीकरणात यायला हवा, कारण आधीच्या भाडेकरूचे थकलेले बिल नव्याच्या गळ्यात पडण्याचे प्रकार अजून होतात. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल तर वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असल्याने मालकाचा पॅन लागेल. तो देणार का, हे टोकन देण्याआधी विचारा. काही मालक त्या एका प्रश्नावर घर 'दुसऱ्याला दिले' म्हणून सांगतात, आणि ते बरेच असते.

सोसायटीची भीती बाळगू नका. घर भाड्याने देण्यासाठी सभासदाला सोसायटीच्या परवानगीची गरज नसते, आधी कळवणे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणे पुरे असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे, आणि ते मालकाने भरायचे असते. सामान चढवण्याचे म्हणून दोन-तीन हजार मागितले तर पावती मागा, पावती म्हटल्यावर रक्कम बहुधा उतरते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकाचे काम आहे, रामनगर भागासाठी ते रामनगर पोलीस ठाणे, नांदिवलीकडे मानपाडा. आणि एक गोष्ट जी बोलायला अवघड आहे: आडनाव, खाणे, धर्म यांविषयीचे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. स्टेशनजवळच्या 'सुसंस्कृत' म्हणवणाऱ्या इमारतींमध्ये जास्तच. मी स्वतः अशा मालकांची घरे दाखवायची टाळतो, पण सगळेच दलाल टाळत नाहीत. खोटे बोलून घर मिळवू नका, वर्षभर खिडकी लावून मासे तळण्यात काही सुख नाही.

दलाली एक महिन्याचे भाडे, ही इथली रीत आहे, आणि ती करार नोंदवून किल्ली हातात पडल्यावर द्यायची असते. घर पाहण्याचे पैसे मागणारा दलाल सोडून द्या. पुढच्या वर्षी त्याच घराच्या नूतनीकरणासाठी पुन्हा महिनाभराची दलाली मागितली जाते, तिला मी अन्याय्य समजतो. म्हणून मालक राजी असेल तर पहिलाच करार २२ किंवा ३३ महिन्यांचा करा आणि भाडेवाढ किती टक्के ती आजच लिहून टाका.

तेव्हा माझा सल्ला असा की रामनगरचे घर घ्या, पण १६,५०० ला नाही. लिफ्ट नसलेला चौथा मजला मालकालाही सहज भाड्याने जात नाही, त्याला १५,५०० सांगा आणि दोन वर्षांच्या कराराचे गाजर दाखवा. त्याआधी एका मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सव्वाआठला त्या इमारतीच्या दारातून दोघांनी निघून एकदा आपापल्या कामावर जाऊन या. घर अजून तुमचे नसले तरी प्रवास करून पाहता येतो. ओल, परीक्षण किंवा पुनर्विकास यांपैकी कशातही उत्तर टाळले गेले, तर भोपरकडे न वळता ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला चालत्या अंतरावर घर शोधा. तिथे फास्ट थांबत नाही म्हणून भाडे थोडे उतरते, आणि तुमच्या पत्नीला तसेही धीम्या गाडीनेच जायचे आहे. आणि सामान हलवायला गुढीपाडव्याचा मुहूर्त धरणार असाल तर टेम्पो दुपारनंतर बोलवा. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली, आणि त्या सकाळी फडके रोडवर सायकलसुद्धा आत शिरत नाही.